रूपाभवानी ते चार पुतळे

आठवीच्या इतिहासात सविनय कायदेभंगाचा धडा आहे. त्यात दांडी येते, वडाळ्याचं मिठागर येतं आणि सोलापूरच्या वाट्याला एक छोटा परिच्छेद येतो. मी शिकवतो सोलापुरातच, पूर्व भागात. वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. कुणाचे वडील यंत्रमागावर, तर कुणाची आई विड्या वळते. या मुलांना दांडी जितकी लांबची वाटते तितकंच १९३०चं सोलापूरही लांबचं वाटतं, हे मला दर वर्षी खटकायचं. म्हणून यंदा मुख्याध्यापकांची परवानगी काढली, पालकांच्या सह्या घेतल्या आणि तो परिच्छेद शिकवायला मुलांना घेऊन बाहेरच पडलो.

सुरुवात रूपाभवानीच्या देवळापासून केली. नवरात्रात इथं येणारी मुलंच ती, त्यामुळे आधी सगळी पाया पडून आली. मग मी सांगायला लागलो. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. बातमी आली तसं सोलापूर बंद झालं, गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी लोक या परिसरात शिंदीची झाडं तोडायला जमले. पोलिसांनी धरपकड केली, जमाव चिडला आणि गोळीबार झाला.

"झाडं तोडली म्हणून गोळ्या घातल्या व्हय सर?" मागून प्रश्न आला.

शिंदी, ताडी, दारू यांच्यावरच्या करातून सरकारला मोठं उत्पन्न मिळायचं. झाड पाडणं म्हणजे सरकारच्या तिजोरीलाच हात घालणं. मिठाचं जे, तेच शिंदीचं. एवढं सांगितल्यावर धड्यातलं मीठही त्यांना नव्यानं कळलं, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं.

तिथून मंगळवार पेठेत आलो. मालाचे टेम्पो, हातगाड्या, हमालांची ये-जा. उभं राहायला जागा मिळेना. एका बंद दुकानाच्या कट्ट्यापाशी मुलांना गोळा केलं. गोळीबारानंतर भडकलेल्या लोकांनी इथली पोलीस चौकी जाळली, त्यात दोन पोलीस मारले गेले. न्यायालयाच्या इमारतीलाही आग लावली. हा भाग गाळून पुढं जाता आलं असतं, पण मी गाळला नाही. अर्धवट सांगितलेल्या इतिहासावरचा अभिमान टिकत नाही, असं माझं मत आहे.

एक मुलगा एरवी वर्गात तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "सर, ते पोलीस पण आपल्यातलेच होते की."

"होय, आपल्यातलेच होते," मी म्हणालो. कुणीच काही बोललं नाही. त्या मुलाला जे सुचलं ते धड्याच्या खाली दिलेल्या एकाही प्रश्नात नाही, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

पुढं चौकात वाहतूक पोलीस उभा होता. तो दाखवून सांगितलं, की त्यानंतर काही दिवस शहरात पोलीसच उरले नव्हते. रहदारी आणि बंदोबस्त काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. मग १२ मे रोजी सरकारनं मार्शल लॉ पुकारला, तो ३० जूनपर्यंत राहिला. लष्कर आलं. राष्ट्रीय झेंडा लावायला, मिरवायला बंदी झाली. झेंड्यापायी माणसं तुरुंगात गेली.

एका मुलाच्या दप्तराला १५ ऑगस्टचा तिरंगी बिल्ला अजून टाचलेला होता. टाचणी गंजली होती, कडा दुमडल्या होत्या. त्यानं तो काढला, दुमडलेली कड नखानं सरळ केली, दप्तरावरून शर्टाच्या खिशावर आणून लावला. मी काही सुचवलं नव्हतं. आपण दर वर्षी मुलांना रांगेत उभं करून सलामी देऊन घेतो. पण राष्ट्रीय झेंडा याच रस्त्यावर हातात धरणं गुन्हा होता, हे त्यांना कधी सांगतच नाही. मग नुसत्या कवायतीतून देशाभिमान यावा तरी कसा?

शेवटी सिटी बसनं चार पुतळ्यांपाशी उतरलो. "हे तर रोज बघतो की आम्ही," मुलं म्हणाली. रोज बघणाऱ्यांपैकी चारही नावं एकालाही सांगता आली नाहीत. मग एकेकाला पुढं बोलावून मोठ्यानं म्हणायला लावलं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली.

"धनशेट्टी तर आमच्या गल्लीत पण आहेत," एक मुलगी म्हणाली. सारडा कुणाच्या तरी ओळखीचे निघाले. शिंदे वर्गातच होता. कुर्बान हुसेन विशीतले, 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे, हे सांगितल्यावर उर्दू बोलणारी दोघं पुढं सरकली आणि त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना सांगू लागली: सिंह. फासावर गेलेल्या चौघांच्या घरची भाषा वेगळी, देव वेगळे. माझ्या वर्गाचा हजेरीपटही असाच आहे. देश म्हणजे काय हे सांगायला मला याहून चांगली जागा सापडलेली नाही.

नंतरच्या पालकसभेत एक वडील पाळी संपवून थेट आले, केसांवर कापसाची तूस तशीच होती. म्हणाले, "सर, पोरगी घरी येऊन चौघांची नावं पाठ म्हणून दाखवती. आम्हाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्हाला पण न्या की एकदा." आणखी काही जणांनी हात वर केले. १२ जानेवारीला पुतळ्यांपाशी गर्दी असते, बोलायला निवांतपणा मिळत नाही. म्हणून त्याच्या आधीचा रविवार धरला आहे. सकाळी सात वाजता रूपाभवानीच्या देवळासमोर जमायचं, आणि यावेळी सांगायचं काम मुलांकडे.