नौशेरा ते चिंगस : एका रस्त्याचे चार दिवस

सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्या परमवीर चक्राचे सन्मानपत्र मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा ते एखाद्या रस्तेकामाच्या नोंदवहीसारखे वाटले होते. किती वाजता काम सुरू झाले, वाट कुठे अडली, किती वाजता मोकळी झाली, एवढेच त्यात प्रामुख्याने आहे. मला तरी त्या लढाईचे खरे स्वरूप या वेळांच्या नोंदींतच दिसते.

नोव्हेंबर १९४७ पासून जम्मू भागातली राजौरी पाकिस्तानच्या बाजूने लढणाऱ्या टोळीवाल्यांच्या ताब्यात होती. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून तिकडे निघालेल्या फौजेचा सगळा भरवसा रणगाड्यांवर होता, पण डोंगराच्या कडेने वळसे घेत जाणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर सुरुंग पेरलेले, मोऱ्या उडवलेल्या आणि चीड (पाइन) झाडांचे बुंधे आडवे पाडलेले असल्यामुळे वाट मोकळी होईपर्यंत रणगाड्यांना जागचे हलणेही अवघड होते. ती मोकळी करण्याचे काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीतील राणे यांच्या तुकडीकडे होते. राणे कारवारजवळच्या चेंडियाचे आणि बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे. म्हणजे आपल्या खडकीच्या पलटणीचे.

८ एप्रिलला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले आणि जखमी झालेल्या पाच जणांत स्वतः राणेही होते. तरी संध्याकाळी बरवालीची धार हाती आल्यावर त्यांनी रणगाड्यांसाठी वळणवाट काढायला घेतली आणि मशीनगनच्या माऱ्यात रात्री दहापर्यंत ते राबत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरुवात झाली आणि ती वाट तयार व्हायला दुपारचे तीन वाजले. त्यानंतर जेमतेम अर्धा मैल पुढे गेल्यावर आडवी झाडे लागली; ती सुरुंग लावून उडवली, तर तीनशे गजांवर पुन्हा तोच प्रकार आणि त्यापुढे उडवलेली मोरी.

रणगाड्याखालून सरपटत जाऊन त्यांनी सुरुंग काढले, ही हकीकत नेहमी सांगितली जाते. मला मात्र १० एप्रिलची पहाट अधिक थक्क करते. पाच मोठी झाडे, त्यांच्याभोवती सुरुंग आणि वर मशीनगनची नजर असलेला अडथळा आदल्या संध्याकाळी अंधारामुळे तसाच सोडावा लागला होता. पावणेपाचला त्यावर काम सुरू झाले आणि साडेसहाला तो दूर झाला. पुढच्या हजार गजांत अडथळ्यांची रांगच होती. रणगाडे दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचले, पण मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी रस्ता अजून धड नव्हता. म्हणून राणे अन्न आणि विश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत मागेच काम करत राहिले.

११ तारखेला सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या दिवशीची शेवटची नोंद रात्री दहाची आहे, आणि तीही चिंगसच्या पुढच्या रस्त्याची. १२ एप्रिलला फौज राजौरीत शिरली.