ओळखपत्राविना अकरा आठवडे

रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांच्या घरी जाऊन पाठपुरावा करणारी स्वयंसेविका व्हायचे ठरवले, तेव्हा प्रशिक्षण अवघड जाईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात प्रशिक्षण सहज पार पडले आणि मी अडकले ती ओळखपत्रापाशी. त्याची चीड आजही ओसरलेली नाही.

अर्जात 'वैद्यकीय अर्हता' असा एक रकाना होता. मी डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही, म्हणून तो कोरा सोडला. तीन आठवड्यांनी अर्ज 'अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आला. दुसऱ्या वेळी 'लागू नाही' असे लिहिले, तर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडलेले नाही म्हणून अर्ज पुन्हा परत आला. प्रमाणपत्र मागायला गेले तेव्हा त्याच कार्यालयातल्या दुसऱ्या टेबलावर सांगण्यात आले, की प्रमाणपत्रावर ओळखपत्राचा क्रमांक घालावा लागतो, त्यामुळे आधी ओळखपत्र आणा. दोन टेबलांमध्ये दहा पावलांचे अंतर होते, पण ती पावले चालण्याची तसदी कोणी घेतली नाही. मी पाच फेऱ्या मारल्या, आणि दर वेळी समोर वेगळी व्यक्ती असल्याने सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. पोच घेतलेली नसल्यामुळे पहिला अर्ज कधी दिला हेही मला सिद्ध करता येईना. तारीख आणि शिक्का असलेली पोच पहिल्याच दिवशी मागून घ्या.

या काळात मला सर्वांत जास्त काळजी होती ती शेजारच्या काकांची. बरे वाटते म्हणून त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली होती. रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा काहीच त्रास जाणवत नाही, आणि नेमके म्हणूनच माणसे औषध सोडतात, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले होते. परंतु ओळखपत्राशिवाय मापनयंत्र मिळत नव्हते आणि मी दिलेली चिठ्ठी आरोग्य केंद्रात स्वीकारली जात नव्हती. मी त्यांना तपासून घ्या असे सांगत राहिले, ते पुढच्या आठवड्यात जातो म्हणत राहिले.

शेवटी आम्हाला शिकवणाऱ्या परिचारिकाताईंनी, मी सर्व सत्रांना हजर होते असे पत्र सही-शिक्क्यानिशी दिले. ते पत्र घेऊन मी थेट कार्यालयप्रमुखांकडे गेले आणि चौथ्या दिवशी ओळखपत्र हातात पडले. पहिल्या आठवड्यातच वरिष्ठांकडे जायला हवे होते. संकोचापायी मी अकरा आठवडे घालवले, याचे मला फार वाईट वाटते.

त्याच संध्याकाळी काकांकडे गेले. त्यांना पाच मिनिटे शांत बसवले, पाठीला टेका दिला, पावले जमिनीवर टेकवायला लावली, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवला आणि मापन होईपर्यंत बोलू नका असे सांगितले. चहा किंवा तंबाखू घेऊन अर्धा तास उलटला आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा विनाकारण जास्त येतो, म्हणून मोठा पट्टाही सोबत ठेवावा. पहिले मापन १७६/१०४ आले, एका मिनिटाच्या अंतराने घेतलेले दुसरे १७२/१०२. निदान करणे किंवा गोळी सुचवणे हे आपले काम नाही. म्हणून मी दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहिले, छातीत दुखणे, धाप लागणे, अंधुक दिसणे, हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काही होते का ते विचारले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः त्यांच्याबरोबर आरोग्य केंद्रात गेले. चिठ्ठी कोणीही नाकारली नाही. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, आणि महिन्याभराने त्यांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आलेला पाहिला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

आता नव्या तुकडीतल्या मुली अर्ज भरायला बसतात तेव्हा मी शेजारी बसते. त्या रकान्यात 'लागू नाही, प्रशिक्षित स्वयंसेविका' असे लिहायला सांगते, आणि उपस्थितीचे पत्र त्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशीच घेऊन ठेवतात.