तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारच्या पडक्या प्लॉटवर बर्गरवाले येताहेत

"आमच्या सोसायटीला लागून वर्षानुवर्षं पडून असलेल्या प्लॉटला पत्रे लागलेत. कुठल्याशा मोठ्या कंपनीचं बर्गर-पिझ्झाचं रेस्टॉरंट येतंय म्हणतात. विरोध करावा का? करायचा तर कशाच्या जोरावर?" पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांतल्या जुन्या वस्त्यांमधून हा प्रश्न सतत येतो. आमचं उत्तर दर वेळी एकच असतं: पाटीवरचं नाव सोडा, स्वयंपाकघराच्या डक्टचं, म्हणजे धूर-वास बाहेर सोडणाऱ्या पत्र्याच्या नळीचं, तोंड कुठल्या खिडकीकडे आहे ते पाहा. आणि ते पत्रे उतरायच्या आत पाहा.

नाव सोडा म्हणण्यामागे कारण आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरानं २००४ साली नियम केला. ज्या दुकानाच्या इतरत्र अकरा किंवा अधिक शाखा आहेत, ते साखळी दुकान. २००६ पासून तिथल्या वस्त्यांमधल्या बाजारपट्ट्यांत असं दुकान उघडायचं तर वेगळी परवानगी लागते, सुनावणी होते, आणि शेजाऱ्यांना 'आम्हाला साखळी नको' एवढंच म्हणूनही उभं राहता येतं. आपल्याकडच्या विकास नियंत्रण नियमांत अशी वर्गवारी नाही. रेस्टॉरंट म्हणजे रेस्टॉरंट, मग ते चार पिढ्यांची खानावळ असो की हजार शाखांची कंपनी. महापालिका पाहते ते जमिनीचा वापर, समोरच्या रस्त्याची रुंदी, पार्किंग, सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, म्हणजेच मार्जिन) आणि अग्निशमन. त्यामुळे 'आपली संस्कृती बुडते' असं लिहिलेल्या अर्जावर शंभर सह्या असल्या तरी बांधकाम विभागाला त्यावर करण्यासारखं काही नसतं. तोच अर्ज 'साइड मार्जिनमध्ये पत्र्याची शेड घालून भांडी घासण्याची जागा केली आहे' असा असला, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस निघू शकते.

आधी प्लॉटकडे नीट पाहू. तो पडून का होता? बहुतेक ठिकाणी मालमत्ता पत्रकावर आजोबांचं नाव असतं आणि खाली दहा-बारा सहहिस्सेदार. एक अमेरिकेत, दोघांचं बोलणं बंद. कुठे पागडीचा जुना भाडेकरू, कुठे रस्तारुंदीची रेषा प्लॉटच्या मधून गेलेली. मिळकतकर थकला की त्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढते, आणि काही वर्षांत ती मूळ करालाही मागे टाकते. अशा मालकाकडे कंपनी येते ती स्वच्छ करारनामा घेऊन. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ३(१)(ब) इथे फार महत्त्वाचं आहे. एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपनीला जागा भाड्यानं दिली, तर त्या कंपनीला या कायद्याचं भाडेकरू म्हणून संरक्षण मिळत नाही. पागडीनं एकदा हात पोळलेल्या कुटुंबाला हे कलम वकील सर्वांत आधी दाखवतो. शेजारच्या खानावळवाल्या अण्णांनी त्याच जागेसाठी तेवढंच भाडं देऊ केलं, तरी मालक कंपनीकडे झुकतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

पडीक प्लॉट वस्तीला फुकट पडत नव्हता, हेही मान्य करायला हवं. पडक्या टाकीत, टायरमध्ये, नारळाच्या करवंटीत साठलेल्या पाण्यात डेंगीचा डास आठवड्या-दहा दिवसांत तयार होतो. रात्री कचरा पेटवला जातो. भिंत कलली असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकामाची नोटीस निघायला हवी होती, आणि ती मागायलाही बऱ्याचदा कोणी गेलेलं नसतं. क्लासवरून रात्री नऊला परतणाऱ्या मुलींना तो अंधारा कोपरा टाळून जावं लागत होतं. तिथे दिवे लागले, माणसं आली, तर त्यांच्या दृष्टीनं ती चांगलीच गोष्ट आहे. सोसायटीच्या बैठकीत हे बोलणारं कोणी असेल तर त्यांना गप्प करू नका.

बैठकीत एकमत होत नाही, ते बहुधा कोणाचं शयनगृह कुठे आहे यावरून. रस्त्याकडच्या फ्लॅटवाल्यांना पार्किंगची काळजी. मागच्या बाजूच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावाल्यांना वास आणि आवाज. वरच्या मजल्यावाल्यांना धूर, कारण डक्टचं तोंड त्यांच्या पातळीला येतं. पलीकडच्या विंगला काहीच त्रास नाही आणि नातवंडं खूश. म्हणून सह्यांची मोहीम सुरू करण्याआधी इमारतीचा साधा नकाशा काढा आणि कोणत्या खिडकीला काय लागणार आहे ते त्यावर लिहा. पुढचं पत्र या नकाशावर उभं राहतं.

आता मूळ विषय, म्हणजे डक्ट. तळणाच्या कढईतून तीन गोष्टी वर येतात: तेलाचे सूक्ष्म थेंब, धूर आणि वासाचे वायू. कढईवरच्या हुडातले (धूर ओढणाऱ्या छत्रातले) पट्ट्यांचे फिल्टर मोठे थेंब अडवतात. त्यापुढे इलेक्ट्रोस्टॅटिक यंत्र बारीक थेंब आणि धूर पकडतं. वासाचे वायू मात्र दोन्हीतून सरळ निघून जातात. त्यांच्यासाठी सक्रिय कार्बनचा थर लागतो आणि तो काही महिन्यांत भरतो, मग बदलावा लागतो. "आम्ही यंत्र बसवलंय" हे उत्तर त्यामुळे अपुरं आहे. विचारायचं ते असं: कार्बन आहे का, शेवटचा कधी बदलला, यंत्राच्या प्लेटा किती दिवसांनी धुता? प्लेटांवर चिकटा साचला की यंत्र चालू दिसतं, आतला दिवाही लागतो, पण काम करत नाही.

डक्टच्या शेवटी पावसासाठी बसवलेली शंकूच्या आकाराची टोपी हा सर्रास होणारा घोटाळा. ही टोपी वर जाणारी हवा अडवून खाली आणि बाजूला ढकलते, म्हणजे नेमकी तुमच्या खिडकीत. त्याऐवजी उभं, वरून उघडं तोंड हवं. बाहेर थोड्या मोठ्या व्यासाची नळी बसवली की पावसाचं पाणी कडेनं ओघळून जातं. खर्च किरकोळ, फरक मोठा. डक्ट इमारतीच्या गच्चीच्या वर नेलेला हवा. रेस्टॉरंट एकमजली आणि तुमची इमारत चार मजल्यांची असेल, तर त्यांच्या गच्चीच्या वर म्हणजे तुमच्या दुसऱ्या मजल्यावर. अशा वेळी डक्टचं तोंड तुमच्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला न्यायला सांगा. पत्रे लागल्यापासून दुकान उघडेपर्यंत सहसा दोन-तीन महिनेच असतात. डक्टची जागा पहिल्या काही आठवड्यांत ठरते. डक्टचा पत्रा कापला गेला की ती हलवायला कोणी तयार होत नाही.

आगीचा धोकाही याच डक्टमधून येतो. आतल्या भिंतींवर साचलेलं तेल पेटलं की ज्वाळा डक्टमधून वर धावते. भरपूर तळण असलेल्या स्वयंपाकघराचा डक्ट दर तीन महिन्यांनी आतून साफ व्हायला हवा, आणि त्यासाठी डक्टला ठरावीक अंतरावर उघडता येणाऱ्या झडपा ठेवाव्या लागतात. झडपाच नसतील तर सफाई कागदावरच होते. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. त्याची प्रत माहिती अधिकारात मागता येते: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल परिसरात रेस्टॉरंटच्या आगीत १४ माणसं गेली, हे विसरून चालणार नाही. सामासिक अंतर मोकळं ठेवायला सांगतात ते अग्निशमनाची गाडी आणि शिडी आत यावी म्हणून.

आवाजाचं गणित सोपं आहे, आणि ते कागदावर मांडलं की समोरचा ऐकतो. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की एका यंत्राचा आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. शीतगृहाच्या, म्हणजे गोठवलेला माल ठेवायच्या खोलीच्या, बाहेरच्या युनिटचा आवाज एक मीटरवर ६८ धरा. दोन मीटरवर ६२, चारवर ५६, आठवर ५०, सोळावर ४४. म्हणजे रात्रीची मर्यादा पाळायला सोळा मीटर हवेत, आणि आपल्याकडे कुंपणाची भिंत चार-पाच मीटरवर असते. दोन भिंतींच्या बोळात आवाज आपटून आणखी टिकतो. तशीच दोन युनिटं असली की ३ डेसिबल वाढतात. एसी रात्री बंद होतो, शीतगृहाचं युनिट मात्र रात्रभर चालतं, म्हणून चौकशी शीतगृहाची करायची. उपाय तीन: युनिट रस्त्याच्या बाजूला किंवा गच्चीच्या मध्यावर हलवणं, खाली रबरी पॅड देणं, भोवती ध्वनिरोधक जाळीचा आडोसा उभारणं. आडोसा फार जवळ घेतला तर युनिटला हवा मिळत नाही, ते तापतं आणि आवाज उलट वाढतो.

मोजायचं कसं? फोनवरचं ॲप कोर्टात टिकणार नाही, पण पत्रासाठी पुरतं. त्याच खिडकीत, त्याच वेळी, यंत्र चालू असताना आणि बंद असताना, सलग सात दिवस आकडे लिहा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर पोलिसांकडे तक्रार करता येते. रात्रीचा ५५ च्या वरचा आकडा म्हणून महत्त्वाचा.

सांडपाण्याकडे सगळे पावसाळ्यात पाहतात, तेव्हा उशीर झालेला असतो. सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी, म्हणजे ग्रीस ट्रॅप, असतो, पण भांडी घासायचं कढत पाणी थेट त्यात सोडलं की तेल पातळच राहतं, ट्रॅपमधून पार होतं आणि पुढे तुमच्या सामाईक चेंबरमध्ये थिजतं. ट्रॅप मोठा हवा, म्हणजे पाण्याला निवायला वेळ मिळतो, आणि तो एक चतुर्थांश भरला की उपसायला हवा. उपसलेला चिकटा कोण नेतं, त्याची पावती आहे का, हे विचारा. वापरलेल्या तेलाचंही तेच. तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, आणि दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल लागत असेल तर नोंदवही ठेवावी लागते. इथे साखळीवाल्यांची बाजू सांगायला हवी. या नोंदी त्यांच्याकडे बहुधा जागेवर मिळतात, कारण मुख्यालयाचे लोक तपासायला येतात. गल्लीतल्या चायनीजच्या गाडीकडे त्या मिळत नाहीत. उलट गल्लीतला मालक रात्री अकराला हाक मारली तर बाहेर येऊन पंखा बंद करतो. साखळीच्या मॅनेजरला तेवढ्यासाठी वरून मेल यावी लागते.

म्हणून पत्र मॅनेजरच्या नावे पाठवून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. काउंटरजवळ लावलेल्या अन्नसुरक्षा परवान्यावर चौदा आकडी क्रमांक आणि परवानाधारकाचं नाव असतं. पाटीवरचा ब्रँड वेगळा, चालवणारी कंपनी वेगळी, हे तिथे कळतं. दुकान उघडण्याआधी परवाना दिसत नाही, तेव्हा पत्र जागेच्या मालकाला आणि कंपनीच्या प्रोजेक्ट विभागाला पाठवा, प्रत महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला. पत्र दोन पानांच्या आत, नकाशा जोडलेला. डक्टचं तोंड, शीतगृहाचं युनिट, ग्रीस ट्रॅप, कचऱ्याची बंद खोली, डिलिव्हरीवाल्यांच्या दुचाकी आणि मालाचा ट्रक, एवढेच विषय. ट्रकचं आवर्जून लिहा. शहरातली गर्दी टाळायला गोठवलेला माल पहाटे येतो आणि गाडीचं शीतयंत्र उतरवेपर्यंत सुरू असतं. सातनंतर या, आणि यंत्र बंद करून माल उतरवा, ही मागणी लवकर मान्य होते, कारण तिला खर्च नाही. दुचाकींसाठी आतल्या पार्किंगची ठरावीक जागा लिहून घ्या. तोंडी आश्वासन पहिल्या शनिवारी संध्याकाळी मोडतं.

प्लॉटवर जुनं झाड असेल तर रोज खोडाकडे पाहा. तोडण्याची नोटीस झाडावरच लावतात आणि हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते. ५० वर्षांहून जुनं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरतं.

राहिली कुंपणाला टेकलेली चहाची टपरी. सोसायटीच्या पत्रात तिचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो, आणि प्लॉटचं रूप बदललं की सर्वांत आधी तीच हलवली जाते. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. टपरीवाल्या काकांकडे ते प्रमाणपत्र आहे का, एवढं पत्रे लागल्याच्या आठवड्यातच विचारा. असेल तर त्याची झेरॉक्स तुमच्या पत्राला जोडा. नसेल तर महापालिकेच्या अतिक्रमण विभागात पथविक्रेत्यांची नोंदणी कशी होते याची चौकशी करायला त्यांच्याबरोबर कोणीतरी जा.