जुनी बाईक घेतली, आधी काय बघू?

आधीचा मालक म्हणाला, "सर्व्हिसिंग नुकतंच केलंय." तरी मी ऑइल बदललंच. काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर घेऊन बघा. नुसतं काळं असेल तर काळजी नाही. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, धातूचे कण चमकले तर मेकॅनिक गाठा.

टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूवरचा आकडा निघाला १४१६, म्हणजे टायर बनला २०१६ च्या चौदाव्या आठवड्यात! खाचांत बारीक चिरा. दोन्ही टायर बदलले, तिथे काटकसर नको.

चेन किती सैल हवी ते मॅन्युअलमध्ये असतं. चाक फिरवत तपासा. एका जागी ताठ, दुसरीकडे ढिली लागली तर चेन-स्प्रॉकेटचा (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं) सेटच बदलायचा. ब्रेक ऑइल चहासारखं तपकिरी झालं होतं, तेही गेलं. एअर फिल्टर आणि प्लग या रविवारी. (पॉलिशचं नंतर बघू.)