तुम्ही विचारलंत म्हणून: तणनाशकाने न मरणारा टोमॅटो का नाही काढत?

"ताई, तुम्ही बाटलीत केळीची रोपं वाढवता ना? मग गवताच्या औषधाने न मरणारा टोमॅटो का नाही काढत?" टिश्यू कल्चरमध्ये काम करते म्हटलं की गुहागरकडच्या आमच्या गावात हे कुणीतरी विचारतंच. २०२४ मध्ये तणनाशक सोसणाऱ्या पुसा बासमती १९७९ आणि १९८५ या जाती आल्यापासून तर जास्तच. भाताला जमलं, मग टोमॅटोला का नाही?

आधी काकूच्या मळ्यातलं सांगते. भात कापल्यावर तिने तीनशे रोपं लावली होती. माघात फुलं धरली, आणि चार दिवसांत शेंडे पिळवटले. सगळे म्हणाले पांढरी माशी, तिने पसरवलेला पर्णगुच्छ रोग. काकूने दोनदा कीटकनाशक मारलं, पैसे गेले. मी शनिवारी गेले तेव्हा बांधाकडची ओळ सगळ्यात वाईट होती, पुढची थोडी बरी, शेवटच्या ओळीला जवळजवळ काहीच नाही. माशीने आणलेला रोग असा अंतर मोजून येत नाही. देठ खाली वाकलेले, खोडाला पीळ, नवी पानं अरुंद, आणि शिरा गवताच्या पात्यासारख्या समांतर. पश्चिमेला बांधापलीकडे वायंगणी भात होतं. तिथे रुंद पानाच्या तणासाठी दुपारी २,४-डी हे तणनाशक मारलं होतं. दुपारी आपल्याकडे खारा वारा समुद्राकडून आत येतो, त्याने ते काकूच्या टोमॅटोवर आणून टाकलं.

२,४-डी ही झाडाच्या स्वतःच्या ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल आहे. खरं ऑक्झिन झाड लागेल तेवढं बनवतं आणि नको झालं की मोडून टाकतं. ही नक्कल टोमॅटोला लवकर मोडता येत नाही. मग पेशी नको तिथे, नको तेवढ्या वाढत सुटतात आणि झाड स्वतःच्याच वाढीने मरतं. भात, गवत यांना ते निकामी करता येतं, म्हणून ती वाचतात. टोमॅटो त्याला इतका हळवा आहे की पंपात राहिलेला अंशसुद्धा पुरतो.

आणि हेच औषध माझ्या कपाटातही आहे. एम.एस्सी.ला मी टोमॅटोच्या कोवळ्या रोपाच्या बीजदलांचे तुकडे अगारने जेलीसारख्या घट्ट केलेल्या पोषक माध्यमावर ठेवत असे. माध्यमात लिटरला एक-दोन मिलिग्रॅम २,४-डी घातलं की तुकड्याच्या कडेने पेशींचा मऊ गोळा वाढायचा. त्याला कॅलस म्हणतात. काकूचं पीक पिळवटणारा आणि माझ्या बाटलीत नवी वाढ सुरू करणारा पदार्थ एकच, फरक मात्रेचा आणि जागेचा. त्या शनिवारी बांधावर उभी असताना मला हे फार लागलं.

आता तुमचा प्रश्न. रीत अशी: कॅलसच्या लाखो पेशी तणनाशक घातलेल्या माध्यमावर ठेवायच्या. बहुतेक काळ्या पडतात. एखादा ठिपका जिवंत राहिला तर तो उचलून वाढवायचा आणि त्यातून कोंब काढायचे. चॅलेफ आणि रे या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये टोमॅटोच्याच कुळातल्या तंबाखूत क्लोरसल्फ्युरॉन हे तणनाशक सोसणारी झाडं अशीच मिळवली. टोमॅटोच्या पेशींतूनही पॅराक्वाट हे तणनाशक सोसणारे पेशींचे गट १९८२ मध्येच निवडले गेले होते. १९८७ मध्ये तर बाहेरचा जनुक घालून ग्लायफोसेट हे तणनाशक सोसणारा टोमॅटोही झाला.

मग अडलं कुठे? बाटलीत वाचलेली पेशी शेतात वाचतेच असं नाही. कधी ती नुसती सरावलेली असते. औषध काढून घेतलं की सहनशक्ती जाते, बियात उतरत नाही. कॅलस २,४-डीवर फार दिवस ठेवला तर गुणसूत्रांची संख्या बिघडते आणि त्यातून कोंबच निघत नाहीत. मेट्रिब्युझिनसारखी तणनाशकं प्रकाशसंश्लेषण थांबवून झाड मारतात, पण बाटलीतल्या पेशी आम्ही घातलेल्या साखरेवर जगतात. ज्याला प्रकाशसंश्लेषणाची गरजच नाही, त्याची परीक्षा त्या औषधाने घेणार कशी? तिथे ही निवड चालत नाही.

हे सगळं पार पडलं, तरी एका औषधाला तरणारा टोमॅटो दुसऱ्याने मरणारच. आज बांधापलीकडे २,४-डी आहे, उद्या शेजारच्या काजूच्या बागेतून दुसरंच काहीतरी येईल. शिवाय तणही तसंच निवडून येतं. जे मरत नाही त्याचंच बी पडतं. एवढ्या वर्षांच्या कामाचं फळ तुमच्या हातात द्यायचं, तर ते आपल्या जांभ्या मातीतल्या मर रोगाला तोंड देणारं रोप असावं, असं मला मनापासून वाटतं. मर येते ती मातीतल्या जिवाणूने, आणि त्यावर फवारा मारून भागत नाही.

काकूने बांधाकडच्या दोन ओळी उपटल्या. लांबच्या ओळींना तीन आठवड्यांत बगलेतून सरळ फुटवे आले, त्यांना फळंही धरली. यंदा शेजारच्या दादांशी बोलणं झालं. एस्टर प्रकारचं २,४-डी घ्यायचं नाही, कारण फवारल्यावरही त्याची वाफ उठते आणि लांब जाते. फवारणी सकाळी, मतलई वारा हलका वाहत असताना. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा तो वारा, म्हणजे औषध काकूच्या मळ्यापासून लांबच जाणार. अगदी निवांत हवेत मात्र नाही, तेव्हा बारीक थेंब तरंगत राहतात आणि कुठेही जातात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवलाय, त्याच्या पट्ट्याला लाल चिंधी बांधली आहे. पौष संपत आला. परवा गेले तेव्हा बांधाकडच्या ओळीचे शेंडे सरळ होते.