आमची वाटचाल : उद्यमनगरातला गाळा, मुंबईतला सर्व्हर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीनशॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्याकडे टर्निंग, ड्रिलिंग होऊन पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांकडे जातं. वडिलांच्या काळात काम ओळखीवर मिळायचं. आता पुण्याची किंवा कोइमतूरची नवी पार्टी आधी वेबसाइटवर आमची मशिनरी बघते आणि मगच मेलवर ड्रॉइंग पाठवते.

सुरुवातीचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, शेअर्ड होतं, एकच सर्व्हर अनेक ग्राहकांत वाटलेला, आणि चार पानांच्या साइटला ते पुरेसं होतं. त्रास झाला तो मेलचा. कोटेशन पाठवायचं, पार्टीचा फोन नाही म्हणून आपण फोन करायचा, तर "तुमचं काही आलंच नाही" असं ऐकायला मिळायचं. मेल स्पॅममध्ये पडलेला असायचा. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरचा सर्व्हरचा क्रमांक) शेकडो ग्राहकांचे मेल जातात. त्यातल्या कुणी कचरा मेल पाठवले की तो पत्ता ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि भोगावं सगळ्यांना लागतं. मेल खरंच आमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी आम्ही नीट करून घेतल्या, तरी पत्ताच बदनाम असल्यावर त्यांचा किती उपयोग होणार? तक्रारीला मात्र दर वेळी ठरलेलं उत्तर यायचं, आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे. आमच्या धंद्यात ज्याचा दर वेळेत पोचतो त्यालाच ट्रायलचा जॉब मिळतो.

मग नवीन कंपनी शोधताना आम्ही जाहिराती बाजूला ठेवून करारातला बारीक मजकूर वाचला. 99.9 टक्के अपटाइम, म्हणजे साइट चालू राहण्याची हमी, ऐकायला भरभक्कम वाटतं, पण हिशेब मांडला तर महिन्याला साधारण 43 मिनिटं आणि वर्षाला पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी वचन मोडत नाही. मोडलं तरी बहुतेक ठिकाणी भाड्यातली थोडी सूट मिळते, गेलेली ऑर्डर भरून मिळत नाही. 'अनलिमिटेड' म्हणणाऱ्या प्लॅनमध्येही फायलींच्या संख्येवर आणि प्रोसेसरच्या वापरावर मर्यादा असते. पहिल्या वर्षाचा दर आणि नूतनीकरणाचा दर यांत तर खूप अंतर असतं, म्हणून आम्ही सरळ पुढच्या तीन वर्षांचा खर्च लेखी मागितला. काहींनी तो दिलाच नाही. ते तिथेच गळाले. उरलेल्यांना रात्री उशिरा फोन करून पाहिला. जिथे माणसाने उचलला आणि ब्लॅकलिस्टबद्दल सरळ उत्तर दिलं, ती कंपनी आम्ही निवडली. मुंबईतला व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरमधला फक्त आमच्यासाठी राखलेला भाग, घेतला, त्याला स्वतंत्र आयपी आहे.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, पहिल्यापासून फर्मच्या नावावर आणि वेगळ्या रजिस्ट्रारकडे (नावाची नोंदणी करणारी कंपनी) आहे, त्यामुळे सोडणाऱ्या कंपनीच्या परवानगीचा प्रश्नच आला नाही. हे मी प्रत्येक उद्योजकाला कळकळीने सांगतो, डोमेन साइट बनवणाऱ्याच्या नावावर राहू देऊ नका. आमच्या मुलांनी बदलाच्या दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे साइटचा जुना पत्ता इतर ठिकाणी किती वेळ लक्षात ठेवला जातो ती मुदत, चोवीस तासांवरून पाच मिनिटांवर आणला, जुना सर्व्हर काही दिवस चालूच ठेवला आणि सुट्टीच्या आदल्या रात्री साइट हलवली. एकही चौकशी चुकली नाही.

बॅकअपचा धडा आम्हाला पंचगंगेने दिला. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. गाळ्यात वीज नाही, माल निघत नाही, पण साइट मुंबईत असल्यामुळे माल उशिरा निघेल ही सूचना मोबाइलवरून टाकता आली आणि बाहेरगावच्या पार्ट्या थांबायला तयार झाल्या. तेव्हापासून गाळ्यातल्या कॉम्प्युटरवरची ड्रॉइंगसुद्धा कोल्हापूरबाहेर ठेवतो, आणि साइटचा बॅकअप सर्व्हरवाल्याकडे न ठेवता दुसऱ्याच कंपनीकडे.

बॅकअप झाल्याचा हिरवा टिक आम्ही पुरावा धरत नाही. अधूनमधून त्यातून साइट रिकाम्या सर्व्हरवर उभी करून बघतो. गेल्या खेपेला पानं आली, चौकशीच्या नोंदी आल्या, पण मशिनरीचे फोटो आले नाहीत, कारण अपलोडचा फोल्डर नव्या होस्टिंग कंपनीने करून दिलेल्या बॅकअपच्या यादीत नव्हता. फोन केला, त्यांनी त्याच दिवशी तो यादीत घातला आणि आम्ही संध्याकाळी पुन्हा उभारून बघितली. फोटो आले.