हजेरी

सातांतला चौथा क्रोमिस मासा गेला, त्या सकाळी चहाचा कप पुढे करत आईने विचारलं, "आज पटावर किती?" तिची सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. माझ्या टाकीतले मासेही तिच्या हजेरीतून सुटत नाहीत.

खाऱ्या पाण्याच्या टाकीचं वेड मला लागलं ते मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ती इमारत १९५१ सालची, मी बाबांचं बोट धरून गेलो तो बऱ्याच नंतर. एकेकटा मासा मला आठवत नाही. आठवतो तो एकदम वळणारा थवा. म्हणून चार फुटांची टाकी घेतली, आरओच्या पाण्यात मीठ कालवून घनता १.०२५ वर आणली, दगड मुरू दिले आणि सात हिरवे क्रोमिस आणले. शांत, स्वस्त, समूहात राहणारे. दुकानदार तर म्हणाला, "बिनधास्त न्या."

पहिले दोन आठवडे खरंच थवा होता. उजेड पडला की अंगावर पोपटी-निळी झाक, सातही एका बाजूला तोंड करून. मग एकाची शेपटी कुरतडलेली दिसली. तो पंपाच्या कोपऱ्यात काचेला चिकटून उभा असायचा, जेवायलाही पुढे यायचा नाही. तो गेला. मला वाटलं, एक दुबळा होता, सुटला. पण तो गेल्यावर जो सगळ्यात लहान उरला, त्याची पाळी आली. एकाच्या कुशीवर लालसर चट्टा उठला होता. तो रोगाने गेला, त्याचं खापर भावंडांवर नको. बाकीचे मात्र भावकीत गेले.

प्रवाळात हे मासे एकत्र राहतात, कारण बाहेर त्यांना खायला टपलेले असतात. माझ्या टाकीत टपलेलं कुणी नव्हतंच. वेळच्या वेळी खायला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे, आणि सव्वीस अंशांचं पाणी. मोठा कोण, हे ठरवायला सगळा दिवस मोकळा.

पुढे अँथियास माशांची फार भूल पडली. केशरी माद्यांचा घोळका, त्यात एक नर; तो मेला तर थोरली मादीच नर होते. पण त्यांना दिवसातून तीन-चारदा भरवावं लागतं, आणि मी ऑफिसला जातो. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांचा कार्डिनल मासाही पाहिला. त्याचा नर अंडी आणि मग पिल्लं तोंडात धरून महिनाभर उपाशी राहतो. एवढा सोशिक, पण जोडी जमली की ती दोघं उरलेल्यांना जगू देत नाहीत.

शेवटी पायजमा कार्डिनल आणले. चार. पिवळसर तोंड, लाल डोळे, पोटावर काळा पट्टा आणि मागच्या अर्ध्या अंगावर ठिपके. बाबांचा जुना नाइट ड्रेस घातल्यासारखे. दिवसभर एकाच जागी तरंगत असतात, लोकलची वाट बघत फलाटावर उभी असलेली माणसं असावीत तसे. आईने दोन दिवस निरखून पाहिलं. "हे हलतात तरी का रे?"

"रात्री हलतात."

"मग हजेरी घ्यायला सोपे."

उरलेला एक क्रोमिस हल्ली त्यांच्यातच असतो, जरा मागे, जरा वर. दिवा मालवला की ते चौघे पांगतात आणि हा मधल्या दगडाच्या मोठ्या कपारीत शिरतो. पूर्वी तिथे सातातला सगळ्यात दांडगा झोपायचा. हा तोच की दुसरा, मला ओळखता येत नाही. आई म्हणते, तोच.